हुसेनमियाँचं 'खलास'

आमचे मिस्टर हुसेनमियाँ पाच वेळची नमाज पढतात आणि उरलेल्या वेळात अमेरिकन हेवी मेटल ऐकतात. शेजारच्या ताजुन्निसाखाला मला तोंडावर म्हणाल्या, "दाढीवाला माणूस आणि कानात सैतान?" मी म्हटलं, "खाला, त्यांचे कान त्यांच्याच घरात असतात. तुमचे मात्र सगळ्यांच्या दाराला लागलेले."

बँडचं नाव रस्ट चॅपल. हे श्रीवर्धनहून सौदीतल्या जेद्द्याला आले तेव्हा खोलीतल्या एका फिलिपिनो सोबत्याने यांना बँडची पहिली कॅसेट दिली. इंग्रजी यांचं माझ्यासारखंच, मराठी शाळेतलं. ड्रम मात्र लगेच कळले. "जहाजावर कंटेनर आदळल्यासारखं वाजतं," म्हणाले. हे बंदरात क्रेन चालवतात, त्यामुळे तो आवाज यांना घरचाच वाटला. मग प्रत्येक अल्बम घरात आला. दुसरा बलदच्या जुन्या बाजारातल्या दुकानातून. तिसऱ्यात गिटार हळू झाली, तेव्हा हे कितीतरी दिवस धुमसत होते. "मऊ पडले मेले!"

सगळ्यात लाडकं होतं पहिल्या अल्बममधलं शेवटचं गाणं. त्यात गायक घसा फाडून ओरडायचा, "खलास! खलास!" अमेरिकन माणूस अरबी कसा बोलतो, असा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. इथे मिसरी, पाकिस्तानी, फिलिपिनो सगळेच खलास म्हणतात. संपलं, आता पुढे एक शब्द नको. ड्यूटीवरून आले की हे ते गाणं लावायचे, आणि साहेबाला जे बोलता आलं नाही ते त्या गायकाकडून बोलून घ्यायचे.

यंदा आमच्या नूरैनचं लग्न श्रीवर्धनला ठरलं. रजेचा अर्ज यांनी रमजानच्या आधीच दिला होता. साहेब सिद्धार्थ, आपला नाशिकचाच. मला वाटलं, मराठी माणूस आहे, समजून घेईल. कसलं काय! "हुसेनभाई, बघतो ना. माणसं कमी आहेत हो." इतकं गोड बोलायचं की भांडायलाही जागा नको. मेहंदीचा दिवस तोंडावर आला तरी याचं 'बघतो' सुरूच. आणि हे "जी साहेब" म्हणून परत यायचे. साहेबाचा राग होताच, पण मला यांचा जास्त येऊ लागला.

त्यातच बँडने तो पहिला अल्बम नव्याने रेकॉर्ड करून काढला. जुम्याच्या दुपारी यांनी फोन टीव्हीला जोडला आणि आम्हा मायलेकींना समोर बसवलं. आता प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. शेवटचं गाणं लागलं आणि नूरैन हसत सुटली.

"अब्बा, खलास नहीं! 'कॉल अस' बोल रहा है."

"म्हणजे?"

तिने फोनवर गाण्याचे शब्द काढून अर्थ सांगितला. खाण कोसळून आत गाडले गेलेले मजूर वरच्या लोकांना हाका मारतात, आम्हाला बोलवा, आम्हाला विसरू नका.

हे ताडकन उठले. "विनवण्या? इतकी वर्षं मला वाटत होतं हे कुणाला तरी सुनावतायत. आणि हे हात जोडून बसलेत!" रिमोट सोफ्यावर आपटला.

मी म्हटलं, "त्यांच्यावर कशाला ओरडता? ते बिचारे जमिनीखाली होते. तुम्ही तर क्रेनवर बसता. साहेबापुढे तुम्ही वेगळं काय करता?"

फार लागलं त्यांना. लागू दे. तिथेच सिद्धार्थला फोन लावला, स्पीकरवर.

"साहेब, सोमवारी मी गावी निघतोय."

"अहो भाई, रजा मंजूर कुठे झालीय?"

"मंजुरी मागत नाही, सांगतोय. निकाहाआधी माझ्या मुलीची इजाजत, तिचा होकार घ्यायला मी नाही, तर कोण जाणार? तुम्ही?"

"डोकं गरम करू नका. नोकरी जाईल."

"मग जाऊ द्या."

यांनी फोन ठेवला. मी बॅगा काढल्या.

निकाहाच्या दिवशी दोन साक्षीदार घेऊन हेच आत आले आणि नूरैनला विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. कंपनीचा मेसेज सकाळीच आला होता, 'कामावर परत येऊ नका.' तो वाचून मी यांचा फोन माझ्या पर्समध्ये टाकला होता. वलीम्याची दावत होईपर्यंत मी तो यांच्या हातात दिला नाही. अल्लाह रोजी देईल, त्याबद्दल मला शंका नाही. त्या सिद्धार्थला मात्र मी अजून माफ केलेलं नाही.