विवराकाठी भूगोलाचा तास

अण्णा दोह्याला आले की पहिले आठ दिवस इथल्या जमिनीवर नाराज असतात. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी माझ्या वडिलांच्या अंगातला भूगोलाचा मास्तर काही निवृत्त झालेला नाही. अल रय्यानमधल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून ते चहूकडे मान फिरवतात आणि म्हणतात, "काय बाई तुमचा देश! फ्लायओव्हर सोडला तर चढ म्हणून नाही कुठं." समैस्माच्या किनाऱ्यावर नेलं, तर समुद्राकडे पाठ करून त्यांनी एक दगड उचलला, अंगठ्याने घासला आणि माझ्या नवऱ्याला सुनावलं, "चुनखडी. आपल्याकडं सगळं काळं, इथं सगळं पांढरं. तुम्ही लोक समुद्राच्या तळाशी राहता, कळलं का?" नवरा गॅस प्लांटमध्ये इंजिनियर आहे. त्याने निमूटपणे मान हलवली.

'आपल्याकडं सगळं काळं' हा त्यांचा लाडका विषय. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत ते फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखी काढायचे. तुमच्या घराचा पाया लाव्ह्याचा, आईचा पाटा-वरवंटा लाव्ह्याचा, शेतातली माती लाव्ह्याची, असं सांगत सांगत वर्ग गुंगवून टाकायचे. पण आपल्याकडचा लाव्हा जमिनीच्या भेगांमधून आला, त्यामुळे दाखवायला एखादं धड विवर नाही, याचं त्यांना अगदी घरचं दुःख असावं तसं दुःख होतं. दरवर्षी एसटीने मुलांना लोणारला न्यायचे आणि काठावर पोहोचताच बजावायचे, "हे उल्केनं पडलेलं आहे. ज्वालामुखीचं नाही. परीक्षेत चुकलात तर याद राखा."

आई गेल्यापासून ते गावी एकटे राहतात. स्वतःची भाकरी स्वतः थापतात, संध्याकाळी पारावर जातात, आणि यातलं काहीही सोडायची त्यांची तयारी नाही. यंदा मात्र मला त्यांच्या डोळ्यांचा संशय आला. चहा कपाबाहेर सांडायचा आणि दोष कपाला मिळायचा. पेपर वाचणं बंद झालं होतं, "बातम्यांत काही राम राहिला नाही" म्हणून. बोलताना माझ्याकडे तिरकं बघायचे, मी काही गुन्हा केल्यासारखं. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नंबर बदललाय, दुसरं काही नाही. गावी आपला माणूस आहे चष्म्याचा."

पुण्याहून दादाचा फोन यायचा. "तू नीट लक्ष ठेव. डोळे गेले असतील तर आता एकटं राहणं नाही. घराला कुलूप लावून मी त्यांना इकडे घेऊन येणार." अण्णांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे आमच्या घरात बापलेकीचा एक विचित्र खेळ चालू झाला. मी पुरावा शोधायची आणि ते लपवायचे. मला माझाच राग यायचा. ज्या माणसाने मला नकाशा वाचायला शिकवला, त्याच्यावर मी पोलिसासारखी पाळत ठेवून होते.

ईदच्या सुट्टीत इथिओपियाला जायची कल्पना नवऱ्याची. त्याला स्वतःला ड्युटी होती. दोह्याहून विमानाने थोड्याच तासांचा प्रवास, आणि अदिस अबाबाहून एका दिवसात गाइडबरोबर जाऊन येता येईल असं उंच डोंगरावरचं वेंची सरोवर, तेही ज्वालामुखीच्या विवरातलं. मला वाटलं, अण्णा विमानाच्या खर्चावरून तासभर भांडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "वरून पूर्ण दिसतं का?"

"दिसतं म्हणतात."

"मग जाऊ या. यंदाच जाऊ या."

त्या 'यंदाच'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

अदिसहून सकाळी निघालेल्या गाडीत आम्ही दोघं, दोह्याचंच एक मल्याळी जोडपं आणि त्यांची दोन मुलं, मुलगी बारा-तेराची आणि मुलगा तिच्याहून लहान. गाइड काही वर्षं दोह्यात ड्रायव्हर होता, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर 'यल्ला, यल्ला' करून आम्हाला गाडीत कोंबायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं होती. मी माझा खाक्या सोडला नव्हता. सहज विचारल्यासारखं केलं, "अण्णा, ते काय पेरलंय हो?"

"तूच बघ की. डोळे आहेत ना तुला?" खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले.

गाडी काठाच्या थोडी खाली थांबली. तिथून पायी चढायचं होतं. एवढ्या उंचीवर हवा विरळ, आणि आम्ही सपाट वाळवंटातली माणसं. दहा पावलांत माझी छाती भात्यासारखी हलायला लागली. अण्णा मात्र पायाखाली अंदाज घेत संथपणे वर गेले, कुठे अडखळले नाहीत. मी मनात म्हटलं, उगाच संशय घेतला, चांगलं दिसतंय की यांना. खूप दिवसांनी मला हलकं वाटलं.

वर पोहोचलो. खाली, खूप खाली, गडद निळं पाणी. चारी बाजूंनी डोंगराची कडा, तिच्या उतारावर पार पाण्यापर्यंत उतरलेली शेतं. आणि पाण्यात झाडांनी भरलेलं एक बेट, त्यावर छोट्याशा चर्चचं चकाकणारं छप्पर. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. देवळात काढतात तशी.  मग खाकरले, आणि मला कळलं, आता तास सुरू होणार.

"इधर आओ बच्चो," त्यांनी आपल्या वऱ्हाडी हिंदीत हाक मारली. मुलं आली, आईबापही आले. अण्णा रंगात आले. जमिनीच्या पोटातला रस बाहेर निघून गेला, पोट रिकामं झालं, वरचं छप्पर खचलं आणि हा खड्डा झाला, हे त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीने असं दाखवलं की गाइडसुद्धा ऐकत राहिला. "वो किनारा देखो, कैसा गोल गया है. वो उधर थोडा टूटा है, देखा? और बीच में? बीच में कुछ नहीं. सिर्फ पानी. एकदम साफ."

धाकटा म्हणाला, "लेकिन दादाजी..." आईने त्याच्या खांद्यावर हात दाबला.  गाइड आपल्या बुटांकडे बघायला लागला. मुलीने एकदा बेटाकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. "थँक यू दादाजी," ती म्हणाली, आणि सगळे खाली पाण्यापर्यंत नेणाऱ्या भाड्याच्या घोड्यांकडे निघून गेले.

मला पुरावा हवा होता ना? मिळाला. तो घेऊन मी तिथे उभी होते आणि तो कुठेतरी त्या पाण्यात फेकून द्यावा असं वाटत होतं. अण्णांचा चेहरा इतका समाधानी मी आई गेल्यानंतर पाहिला नव्हता. गप्प बसणं सोपं होतं. उतरून गाडीत बसलो असतो, त्यांचं विवर त्यांच्यापाशी राहिलं असतं.

"काय गं, बोलत का नाहीस? कसं वाटलं?"

धाप लागलीय असं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "अण्णा, मध्ये बेट आहे."

 त्यांनी पाण्याकडे तोंड ठेवूनच विचारलं, "केवढं?"

"चांगलं मोठं आहे. झाडं आहेत. चर्च आहे."

त्यांनी मान डावीकडे वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, मग उजवीकडे वळवून. "हां. काळं काहीतरी येतंय खरं."

"कधीपासून, अण्णा?"

"दिवाळीच्या आधीपासून. कडेचं सगळं दिसतं गं. मधलं जातं. तुझ्याकडं बघितलं की कान दिसतात, तोंड दिसत नाही." मग एकदम आवाज चढला, "पण तू मघाशीच का नाही बोललीस?"

"सगळ्यांच्या देखत कसं सांगणार?"

"अगं, मी पोरांना चुकीचं शिकवलं ना! बोलाव त्यांना."

"जाऊ द्या ना. दोन दिवसांत विसरतील."

"नाही विसरत. चुकीचं तेवढं बरोबर लक्षात ठेवतात. बोलाव म्हणतो ना."

मी त्यांचा हात धरला. "अण्णा, हे तुम्ही चारचौघांत बोललात की मला दादापासून लपवता येणार नाही. मग घर..."

"ते तू आणि तो बघा," त्यांनी हात सोडवून घेतला. "आधी पोरांना बोलाव."

मी हाका मारत गेले. मुलं परत आली, मागून त्यांची आई घाबरल्यासारखी. अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली, दोन्ही हात मागे बांधले, फळ्यापुढे उभे राहायचे तसे. "एक गलती हुई. मैंने बोला, बीच में सिर्फ पानी है. वो गलत है. बीच में टापू है. मेरी आँख बीच का नहीं देखती, इसलिये मुझे दिखा नहीं. तुमको दिखता है ना?"

मुलांनी हो म्हटलं. दिवाळीपासून ज्या घरासाठी हा माणूस माझ्याशी, दादाशी, चहाच्या कपाशीसुद्धा खोटं बोलत आला, ते घर त्याने त्या एका वाक्यात सोडून दिलं होतं. आवाज जराही हलला नाही. माझेच डोळे भरून आले.

"तो अब तुम बताओ," अण्णा म्हणाले. "टापू पर क्या है?"

"पेड़ हैं," धाकटा म्हणाला. "बहुत सारे."

"और?"

"चर्च है. उसकी छत चमक रही है," मुलगी म्हणाली.

"और?"

"एक नाव जा रही है उधर. उसमें लोग हैं."

"और?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्याजवळचं सांगून संपलं होतं. अण्णा मान किंचित तिरकी करून थांबले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पुढचं सांगायला लागले.