बद्रीनाथराव कातळ बघून आले

खुलताबादच्या बद्रीनाथरावांना रागवायला कारण लागत नाही. पण या खेपेला कारण होतं, आणि ते पार समुद्राकाठी होतं. त्यांची तनुजा सिंधुदुर्गात, देवगडच्या बँकेत लागली अन् तिथलाच आकाश नावाचा बागायतदाराचा पोरगा पसंत करून बसली. बाप घर बघायला निघाला तो नकार खिशात घालूनच. आमच्या अख्ख्या गल्लीला हे ठाऊक. नव्हतं फक्त तनुजाला.

घाट उतरल्यापासून त्यांचं तोंड सुरू. गावाला वेस नाही, पार नाही. एक घर या उतारावर, दुसरं त्या वळणावर. "हे कसलं गाव? इथं भांडायचं म्हणलं तर शेजाऱ्याला ऐकू तरी जाईल का?"

आकाशच्या वडिलांनी, सखारामभाऊंनी, अंगणातून खाडी दाखवली, पल्याडचा जुना किल्ला दाखवला.

"पाणी बघायला आलो नाय. रान दाखवा!"

आमच्याकडं सोयरीक करताना मुलीचा बाप आधी मुलाकडच्यांच्या रानातली माती मुठीत चोळून बघतो. काळीभोर निघाली की अर्धं लग्न लागलं. सखारामभाऊंनी त्यांना नेलं सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ माळावर; मागोमाग तनुजा अन् आकाश. तिथं उघडाबोडका कातळ, अन् तो सुरुंगानं फोडून केलेल्या खड्ड्यांत आंब्याची कलमं. बद्रीनाथराव वाकले, खरवडलं, नख मोडलं. मूठ रिकामीच.

"फसवणूक हाय ही! पोर काय खडकावर द्यायची?"

"पाव्हण्यांनू, ह्याच कातळात हापूस पिकता," सखारामभाऊ म्हणाले.

"हापूस गेला खड्ड्यात!"

"खड्ड्यातच असता तो," सखारामभाऊ शांतपणे म्हणाले.

तनुजाला हसू आलं नाही. तीही बापाचीच लेक. "आण्णा, पाव्हणा आला की त्याला वेरूळला कोण ओढत नेतं? एका दगडात अख्खं देऊळ म्हणून छाती कोण फुगवतं? आपला दगड वारसा, अन् यांचा दगड फसवणूक व्हय? सकाळपासून माती उकरताय. ज्याच्यासंगं मला नांदायचंय, त्याच्याशी एक शब्द तरी बोललात का?"

नव्हते बोलले. आकाश बिचारा मागं टोपी चुरगाळत उभा. लालबुंद बद्रीनाथराव गर्रकन त्याच्याकडं वळले.

"काय रे, भांडता येतं का?"

"नाही ओ, काका."

"मग शिक! ही लई भांडती. अन् लगीन आमच्याकडं हुईल. मांडवात मासळीचा वास आला, तर सगळं वऱ्हाड माघारी हाकलीन!"

हा होकार होता, हे सखारामभाऊंना तनुजानंच समजावून सांगितलं.