संदीपचा डिस्कवरचा मॅट्रिक्स

संदीप गेला, आणि मागे राहिली कुणालाच वाचता न येणारी एक फाइल.

आज वर्ष झालं.

आम्ही दोघं सांगलीत एकाच ऑफिसात. मी संख्याशास्त्रवाली. तो वडूजचा, शेताशेतांत मातीच्या ओलाव्याचे सेन्सर बसवत फिरणारा. थेट कडेगावपर्यंत. दर तासाला एक आकडा, सेन्सरमधल्या मेमरी कार्डावर. शेतकरी त्यावरून पाणी कधी द्यायचं ते ठरवायचे.

आकडे इतके साठले की आमच्या डबड्या लॅपटॉपच्या रॅममध्ये मावेनात. मी नवीन मशीनसाठी साहेबांच्या मागे लागले.

संदीप म्हणतो, "आगं, सगळं रान डोक्यावर कशाला घेतीस? लागंल तेवढंच उचल की."

आणि पठ्ठ्याने तो आकड्यांचा आख्खा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, डिस्कवरच ठेवला. एक कॉलम म्हणजे एक शेत, एक ओळ म्हणजे एक तास. शेतकरी आला की फक्त त्याचा कॉलम उघडायचा. चहा यायच्या आत उत्तर तयार!

अशा मॅट्रिक्सच्या दोन फाइली असतात. एक अगडबंब, नुसत्या आकड्यांची. दुसरी चिमुकली, ओळी किती आणि कॉलम किती एवढंच सांगणारी.

संदीप गेल्यावर कुणीतरी लॅपटॉप "साफ" केला. चिमुकली उडाली. कचरा वाटली असणार. अरे, विचारायचं तरी!

आता हातात नुसती आकड्यांची रांग. एक शेत कुठे संपतं, दुसरं कुठे सुरू होतं, काही पत्ता नाही.

साहेब म्हणाले, "सोडून द्या आता."

सोडून कसं द्यायचं? त्याने उन्हातान्हात मोटरसायकलवर फिरून जमवलेलं सगळं त्यात होतं. ते वाचता आलं नाही तर त्याचं काम मातीमोल.

शेतं किती, ते मला माहीत होतं. सेन्सर बसवल्यापासून तो जाईपर्यंतचे तास मोजले, तेवढ्या ओळी धरल्या, लोड केलं.

वडूजच्या माळावर भर मेमध्ये चिखल! कडेगावचा ऊस ऐन पावसाळ्यात ठणठणीत कोरडा! ओळी चुकल्या की एका शेताचे आकडे दुसऱ्याच्या कॉलममध्ये सांडतात.

शिवाय फाइल माझ्या हिशेबापेक्षा कितीतरी मोठी. का? या 'का'ने मला धड जेवू दिलं नाही.

शेवटी उलटं केलं. तासांचा नाद सोडला. फाइलमधल्या एकूण आकड्यांना शेतांच्या संख्येने भागलं.

बाकी शून्य.

उत्तर आलं दहा वर्षांचे तास.

दहा? तो गेला तेव्हा काम सुरू होऊन तर तीनच वर्षं झाली होती!

तेवढ्या ओळी धरून पुन्हा लोड केलं. माळ कोरडा झाला, ऊस भिजला. मी टेबलावर असा हात आपटला की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

पण प्रत्येक कॉलममध्ये वर तीन वर्षं भरलेली, खाली सगळं रिकामं. आधी वाटलं, डिस्क बिघडली. मग ट्यूब पेटली.

असा मॅट्रिक्स नंतर ताणून वाढवता येत नाही. जागा आधीच धरून ठेवावी लागते.

गड्याने दहा वर्षांची जागा धरली होती.

तेव्हा मात्र रडले. भरपूर रडले.

त्याच्या वडिलांना फोन केला. आप्पा फौजेतून रिटायर झालेले, आता शेती बघतात.

म्हटलं, "आप्पा, संदीपचं काम सापडलं. तुमच्या रानाचंही आहे. तो गेला तिथपर्यंतचं."

"आन फुडचं?"

"पुढचं रिकामं आहे, आप्पा."

"रिकामं कसं? यंत्र चालूच हाय की, पोरी. बॅटरी मी बदलतोय. कार्डं डब्यात ठिवल्यात. कुणी मागितली न्हाईत, म्हून दिली न्हाईत."



परवा वडूजला जाऊन कार्डं घेऊन आले. आज सकाळी आकडे भरले.

संदीप, तुझ्या रानाच्या कॉलममध्ये तू गेल्यानंतरचं आख्खं वर्ष बसलंय.

आप्पांनी एक तासही सुटू दिला नाही.

निरोप घेते, मित्रा.