घोट्यातली इर्जिक

माझी शाळा चौथीत सुटली. हे लिहिताना चुकलं तर चुकलं. बायको जाऊन दीड वर्ष झालं. लोक विचारतात, करमतं का? न्हाय करमत. त्यात विचारायचं काय?

ती हृदयाच्या झटक्यानं गेली. पण मी लिहितोय ते त्याच्या सहा-सात वर्षं आधीच्या दुखण्याचं. मला राहून राहून तेच दिवस आठवतात.

निमगाव केतकीला आमचा खाऊच्या पानांचा मळा आहे. पानं खुडायला तिच्यासारखा हात आमच्या भावकीत कुणाचा नव्हता. तीच बाई एक दिवस सकाळी म्हणाली, "अवं, मूठ वळंना." बोटं सुजलेली आणि गरम. उन्हं वर आली की सैल व्हायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग डावा घोटा फुगला.

मी म्हणालो, "वय झालं आता."

"आणि तुमचं न्हाय व्हय झालं? तुमी बरं टणाटणा चालताय!"

मग मी माझी अक्कल चालवली. आमच्याकडं पाय मुरगळला की बिब्बा लावतात. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी एक टिपका द्यायचा. माझ्या आईनं मला दिलेला, बरं वाटलेलं. पण मी एका टिपक्यावर थांबलो नाही. दुखणं मोठं तर औषधबी दांडगं पाहिजे, असं म्हणून घोट्याभोवती गोल कडंच काढलं. ती "भाजतंय" एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. कातडी लाल झाली, फोड आले, फुटले, पाणी वाहायला लागलं.

मी घाबरलो. पण कबूल कोण करणार?

बारामतीला सांध्याच्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं आधीच ठरलं होतं. एस.टी.त मी तिला बजावलं, "घोट्याचं काढू नको. आपण हाताचं दाखवायला चाललोय."

"मग घोटा काय घरी ठिवून आलेय व्हय मी?" पण लुगडं घोट्यावर ओढून घेतलं. खाली जखमेवर धडपा बांधला होता.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. बोटं दाबून बघितली, रक्ताचे कागद बघितले. म्हणाल्या, "आजी, हा आमवात. तुमच्याच रक्तातल्या पेशी तुमच्याच सांध्यावर चालून जातात." मग विचारलं, "अंगावर कुठं जखम, पू, ताप?"

तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "काय न्हाय."

तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "बाई, पण त्या पेशींना सांध्याचा पत्ता कोण सांगतं?" बाईंना प्रश्न आवडला असावा. पेन खाली ठेवून सांगायला लागल्या. जिथं इजा होते तिथनं एक रसायन सुटतं. ती हाक. पेशींच्या अंगावर त्या हाकेसाठी कान असतात, त्याला रिसेप्टर म्हणतात. कानावर हाक पडली की पेशी रक्तातनं बाहेर पडून आवाजाच्या दिशेनं सरकत जातात. त्या जमल्या की सूज, लाली, गरमी.

मी म्हणालो, "म्हणजे इर्जिक."

बाईंना कळंना. मी सांगितलं, आमच्या लहानपणी एखाद्याचं रान नांगरायचं मागं राहिलं की तो इर्जिक घालायचा. गावात हाक जायची, लोक आपापली औतं घेऊन यायचे, दिवसभर राबायचे, जेवायचे आणि घरी जायचे.

"बरोबर, तात्या! फक्त आजींच्या सांध्यात काम नसताना रोज हाक जातीय. आणि आलेली माणसं घरी जात नाहीत. उभं पीक नांगरतायत."

"मग त्यांच्या कानात बोळं घाला की."

बाई हसल्या. "करून बघितलंय. पण कान एक नसतो. एक बंद केला तर दुसऱ्यानं ऐकतात. म्हणून आम्ही सगळी फौजच जरा ढिली करतो. पण मग खरी जखम झाली, तिनं हाक मारली, तर धावून जायला माणसं कमी पडतात. म्हणून आधी जखमेचं विचारते." आणि औषध लिहायला पेन उचललं.

तिच्या पायाला ओली जखम, आणि मी खोटं बोलून मदतीला येणारी माणसंच आवरायला लावत होतो. मी उठलो, खाली बसलो आणि तिचं लुगडं घोट्यावरनं वर केलं. "बाई, थांबा. हे मी केलंय. बिब्बा लावला."

बाईंनी धडपा सोडला, आणि मला असं झापलं की बाहेरची माणसं आत डोकावली. बिब्ब्यानंसुद्धा तीच हाक सुटते, म्हणाल्या, तुम्ही दुखणाऱ्या सांध्यावर आणखी एक दवंडी पिटलीत. जखम भरेपर्यंत ते फौज ढिली करायचं औषध नाही. पुसायला पाणी, लावायला मलम, आणि पंधरा दिवसांनी परत.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "गावात मिशीला पीळ देत हिंडता, आन् हितं बायकोच्या पायाशी बसला!"

पुढचे पंधरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिचा पाय मांडीवर घेऊन मलम लावलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेली, पण तिच्या पायाला मी कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी तिनं पाय मागं ओढला. "अवं, सोडा. मला पाप लागंल."

"लागू दे. तुझं पाप, माझं पाप, एकाच घरात हाय."

मग ती पाय देऊन बसायची आणि बडबडायची. माहेरचं, पोरांचं, मळ्यातल्या बायांचं. मी आयुष्यात तिचं इतकं कधी ऐकलं नव्हतं. आज मला तो आवाजच आठवतो, शब्द सगळे न्हाय आठवत.

पंधराव्या दिवशी बघितलं तर जखम सुकलेली. नवी कातडी आलेली, गुलाबी. ती खूश. "चला की बारामतीला, औषध आणू."

मी व्हय म्हणालो. पण खरं सांगतो, जखम आणखी चार दिवस राहिली असती तरी चाललं असतं, असं माझ्या मनात आलं. तिला हे कधी सांगितलं नाही. मुकाट्यानं पिशवी घेतली आणि एस.टी.साठी निघालो. ती माझ्या पुढं चालत होती.