दत्ताला मी दिलेल्या गोळ्या

दीड महिना झाला. सकाळी दहाला भावजयीचा फोन आला, तेव्हा मी निगडीत बँकेच्या रांगेत उभी होते. माझा धाकटा भाऊ दत्ता कामावर निघताना बूट घालायला वाकला आणि तिथेच कोसळला. चाकणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, वय एकोणपन्नास. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, अचानक गेला. मला या शब्दाची चीड येते. अचानक काहीच नव्हतं…

आमचे अण्णा असेच गेले, कांद्याच्या बाजारात अडत्याशी हुज्जत घालताना. त्यांच्या आधी आजोबा. गावात आमच्या रागाचं कौतुकच व्हायचं. ‘रगत गरम हाय त्यांचं,’ असं लोक म्हणाले की आम्हाला बरं वाटायचं. अण्णा ताट भिरकावायचे, दत्ता दात आवळून गप्प बसायचा, आणि माझ्या तर बसला उशीर झाला तरी कानात ठोके पडतात. शेजारी नवरा डुलक्या काढत असतो. आठ वर्षांपूर्वी मला बीपीची गोळी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की हा कल घराण्यातून येतो, भावंडांनाही तपासायला सांगा. मी सांगितलं. दत्ता हसला, म्हणाला, निगडीला जाऊन तू नाजूक झालीस.

तो गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्रेन चालवायचा. अवजड साचा माणसांच्या डोक्यावरून जराही न हेलकावता न्यायचा, म्हणून त्याला तिथे मान होता. वर्षातून एकदा तपासणी असे. बीपी जास्त निघालं, तर क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवत. एका वर्षी जास्त निघालंच. फेरतपासणीला आठवडा मिळाला आणि तो थेट माझ्या दारात.

“अक्का, तुझ्या आठ गोळ्या दे.”

मी दिल्या. तो पास झाला आणि पेढे घेऊन आला. पुढची तीन वर्षं तपासणीआधी तो येत राहिला, मी पाकीट कापून देत राहिले. रोज घे म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. “रोज खाल्ली की आजारी ठरलो. आठ दिस खाल्ली की फिट हाय.” तो हट्टी होता, हे सांगून मी स्वतःला सोडवू शकत नाही. मला वाटायचं, भावाची नोकरी वाचवतेय.

तेराव्यानंतर मी त्याच्या मुलाला, सागरला, दवाखान्यात नेलं. सव्वीस वर्षांचा, तोही कंपनीतच. रिक्षात तो तणतणत होता. “आत्या, बाप जाऊन पंधरा दिवस झालेत. आत्ता कुणाचंही वाढेल.” वाढलेलं असू दे, म्हटलं, कळू तर दे.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला त्रास होता? मी सांगत गेले. याचे पणजोबा, आजोबा, वडील, आणि मी. इतकी वर्षं ही नावं आमच्यात कुणी एका दमात घेतलीच नव्हती. मग गोळ्यांचंही सांगितलं, सगळं. भिंतीकडे बघत बसलेला सागर वळला.

“पप्पांना तू द्यायचीस?”

“हो. मीच.”

तो पुन्हा भिंतीकडे वळला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला. सागरची मूठ गच्च होती, अंगठा आत दाबलेला. दत्ता असाच बसायचा… लहानपणापासून.

“मूठ सोडा,” डॉक्टर म्हणाले.

त्याला वेळ लागला. डॉक्टर थांबले, मीही थांबले. बोटं सुटली, तेव्हा त्यांनी हवा भरायला घेतली.