वेसाव्याच्या बोटीची न उघडणारी फाईल

साल १९८६, महिना मे, आणि उन्हाळा असा की यंत्रांची तपासणी करणाऱ्या आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत प्रत्येकालाच संगणकाच्या वातानुकूलित खोलीत काही ना काही काम निघत असे. चार माणसे रोज एकत्र डबे उघडू लागली की किस्से आपोआप साचतात. मी तेथे कार्यालयाची व्यवस्था पाहत असे. त्या वर्षीचे माझ्याजवळचे बहुतेक किस्से एकाच फाईलचे आहेत.

वेसाव्याच्या हिराबाईंच्या बोटीला नवे इंजिन बसवले, आणि बोट फळ्या सैल होईपर्यंत थरथरू लागली. इंजिन कंपनी म्हणे, दोष बोटीचा. दोष इंजिनाचा आहे असे आमच्या आलेखाने दाखवले, तरच नारळी पौर्णिमेपूर्वी इंजिन बदलून मिळणार होते. नाहीतर हिराबाईंचा सारा मोसम किनाऱ्यावर जाणार होता.

आमचे तरुण इंजिनिअर नाडकर्णी परदेशी यंत्र घेऊन बोटीवर गेले. ते यंत्र थरथरीतली कंपने वेगवेगळी करून फ्लॉपीवर नोंदवी. आलेख मात्र संगणकाने काढायचा. संगणकाने फ्लॉपी घेतली आणि पडदाभर चित्रविचित्र चिन्हे उमटवली.

हिराबाईंनी जवळ येऊन पाहिले. "वाळूवरून खेकडे चालून गेल्यावानी दिसते. यात माझी बोट कुठं हाय?"

"तेच शोधतोय, मावशी," नाडकर्णी म्हणाले.

*

एका सकाळी हिराबाईंनी नाडकर्णींसाठी ताजी पापलेटे आणली. उन्हात खराब होतील म्हणून त्यांनी ती पिशवीसकट थेट संगणकाच्या खोलीत, यंत्रामागे ठेवली. दुपारी आमचे प्रमुख दातेसाहेब आत शिरले. ते कडक शाकाहारी, मासळीचा वास न ओळखणारे.

"काहीतरी जळतंय. संगणक बंद करा."

मेकॅनिकने तारा तपासायला खोलीची अर्धी जमीन उकलली. पिशवी सापडल्यावर दातेसाहेबांनी नाकाला रुमाल लावला. मग म्हणाले, "नाडकर्णी, तुमची ती फाईल उघडत नाही तेच बरं. तिलाही वास असायचा."

*

फाईल आपल्या संगणकाला समजेल अशी करण्यासाठी नाडकर्णींनी एक प्रोग्रॅम लिहिला. आलेख निघाला, पण त्यातले आकडे अचाट मोठे होते. दातेसाहेबांनी चष्मा लावून तो पाहिला.

"या वेगानं बोट आत्तापर्यंत मस्कतला पोचली असेल. बघा जरा, हिराबाई कुठून बोलतायत."

*

तेव्हा नाडकर्णींनी माझ्याकडे हार्मोनियम मागितली. पार्ल्याच्या आमच्या भजनी मंडळाची पेटी मी सहसा कोणाला देत नाही. परंतु कारण पटले. सूर ठाऊक असला, की फाईलमध्ये कोणता आकडा यायला हवा हेही ठाऊक असते. त्यांनी यंत्र पेटीला लावले आणि एकच पट्टी दाबून बसले. मी भाता मारीत होते.

दातेसाहेब दारातून म्हणाले, "बाई, भैरवी झाल्याशिवाय ती फाईल उघडणार नाही का?"

संध्याकाळपर्यंत नाडकर्णींना उलगडा झाला. परदेशी यंत्र प्रत्येक आकड्याचे दोन तुकडे करी आणि मागचा तुकडा आधी लिही. त्यांनी तुकड्यांची अदलाबदल केली आणि बोटीची फाईल नीट उघडली.

आलेखात बोट अगदी शांत होती.

हिराबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "म्हंजी मी खोटं बोलते?"

नाडकर्णींनी विचारले, "मावशी, त्या दिवशी बोटीवर कोण कोण होतं?"

"कोण म्हंजी? तुम्ही पाव्हणे येनार म्हणून समदी आली. जावा, नणंदा, त्यांची पोरं. पाव्हण्याला एकटं बसवतात काय?"

साऱ्या कुटुंबाच्या भाराने थरथर दाबून टाकली होती. जुलैत खाडीच्या आतल्या पाण्यात पुन्हा मोजणी झाली, केवळ बोट हाकणारा तांडेल आणि दोन खलाशी घेऊन. या वेळी आलेखात इंजिनाच्या वेगाशी जुळणाऱ्या जागी ताडासारखा उंच काटा उभा राहिला.

*

नारळी पौर्णिमेला आठवडा उरला असताना इंजिन कंपनीचे अधिकारी वेसाव्याच्या धक्क्यावर आले. पांढरी विजार, पांढरा सदरा. नाडकर्णींनी आलेख पुढे केला आणि तुकड्यांची अदलाबदलही समजावून सांगितली.

"तुम्ही आकडे उलटेपालटे केलेत, असं तुम्हीच सांगता," अधिकारी म्हणाले. "मग यावर मी सही कशी करू?"

नाडकर्णींचा चेहरा उतरला. मी आलेख गुंडाळू लागले. हिराबाईंनी पदर खोचला.

"कागद ऱ्हाऊ द्या, साहेब. बोटीवर चला, चहा घ्या."

साहेब फळीवर बसले. हिराबाईंनी काठोकाठ भरलेला कप त्यांच्या हातात दिला आणि तांडेलाला खूण केली. इंजिन सुरू झाले. पहिला घोट ओठांपर्यंत पोचण्याआधीच निम्मा चहा विजारीवर होता, उरलेला सदऱ्यावर. साहेब उठू पाहत होते, उठताही येईना.

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला आणि पेन मागितले.

"दुसरा कप देते," हिराबाई म्हणाल्या, आणि मागे वळून तांडेलाला ओरडल्या, "सही व्हईपर्यंत मशीन बंद करू नको रं."