कराचीची सरळ वाट

लंडनहून कराची हवेतून जवळ पडते, हे आमच्या कुंभारवाड्यात फक्त मला ठाऊक होतं. त्यापायीच आत्तीच्या घरची माणसं दिवसभर उपाशी राहिली.

अणशीला दिलेल्या आमच्या आत्तीचा नवरा हिवतापानं गेला. रात्री सांगावा आला. मयताच्या घरी चूल पेटत नाही. माहेरहून कडू घास जातो, तेव्हाच तिथल्या माणसांच्या तोंडात शीत पडतं. आईनं रडत रडतच भात आणि बिनफोडणीची आमटी रांधली आणि पहाटे वेताच्या बुट्टीत भरून ती काकाच्या डोक्यावर दिली. सोबतीला मी. मी तेव्हा बेळगावात शिकत होतो (म्हणजे नापास होत होतो).

वाट डोंगराच्या कडेकडेनं वळसे घेत जायची. मला काही राहवेना. मी काकाला समजावलं, की बोट वळसा घालते, विमान सरळ उडतं, म्हणून लंडन-कराचीचं अंतर एवढं आटलंय! मग आपणच का वळत बसायचं? समोरचा डोंगर धरायचा आणि नाकासमोर चालायचं. काका अंगठाबहाद्दर, पण शिकलेल्या पुतण्यावर त्याचा भारी जीव. "तू म्हंतोस तर व्हय," म्हणाला आणि रानात शिरला.

(विमानाच्या वाटेत बांबूची बेटं नसतात, हे सांगायचं मास्तरांचं राहून गेलं होतं.) आत शिरलो तसा डोंगरच दिसेनासा झाला. काकाचा रुमाल काट्यांनी ठेवून घेतला, माझं निम्मं धोतरही. दुपारी एका ओढ्यावर पोचलो, तर काठावरच्या दगडावर पानाची पिंक! काका बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. पिंक त्याचीच होती, सकाळची.

पुढं उतारावर त्याचा पाय सटकला. बुट्टी सुटली, भात थेट दरीत! आमच्यापैकी सरळ रेषेत गेला तो तेवढाच. रिकामी बुट्टी झुडपात अडकली. काका मटकन खाली बसला.

"भैनीला काय तोंड दावू रं आता?"

तेव्हा मात्र मलाही रडू फुटलं.

दिवेलागणीला अणशीत पोचलो. आत्तीची पोरं बुट्टीकडं धावली आणि आतला पाला बघून धाकटीनं भोकाड पसरलं. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं. लंडन, बोट, विमान, सगळं. मग उठली आणि चुलीत लाकडं सारू लागली. शेजारच्या म्हाताऱ्या अडवायला आल्या.

"धनी गेला माजा," ती म्हणाली. "आता पोरं बी घालवू व्हय?"

पेज शिजली. डोळे पुसत पुसत तिनं आम्हालाही वाढली. मला लाजेनं मान वर करवेना (तरी दोनदा घेतली).

सकाळी निघताना ती एवढंच म्हणाली, की काकाच्या पाठीवरची नदर काढू नगंस. वळणावळणाच्या वाटेनं चालत आम्ही दुपारी घरी पोचलो. वाटेत काका रागाचा एक शब्दही बोलला नाही. फक्त प्रत्येक वळणावर थांबायचा, मागं बघायचा आणि अगदी मायेनं विचारायचा, "बाळा, कराची आली का रं?"